गरीब वस्तीतल्या माणसांची वस्तीविषयीची ओढ मोजायची कशी?

उंबरठा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका गरीब वस्तीत ३०० मुलाखतींची पाहणी करायची आहे. तिथल्या माणसांना आपल्या वस्तीची किती ओढ आहे आणि ती कशानं वाढते, कशानं आटते, हा विषय. हाताशी चार प्रगणक आणि सहा आठवडे. वस्ती दाटीची, भाडेकरू बरेच, कामं बहुतेकांची रोजंदारीची.

मसुद्यात मुख्य प्रश्न एकच आहे: 'तुम्हाला तुमची वस्ती आवडते का?' उत्तर हो किंवा नाही. चाचणी मुलाखतींत जवळजवळ सगळे 'हो' म्हणाले. पुढच्याच पानावर 'संधी मिळाली तर दुसरीकडे राहायला जाल का?' असं विचारलंय, त्यालाही बहुतेकांचं 'हो'. आता यातलं खरं कोणतं धरायचं? प्रश्न चुकलाय, की माणसं बरं दिसावं म्हणून बोलतायत, की ओढ ही गोष्ट प्रश्नावलीत मावतच नाही?

आणखी दोन शंका. 'वस्ती' म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे आपण ठरवून सांगायचं की त्यांनाच विचारायचं? आणि ३०० पुरतील का?

कानामात्रा

प्रश्न चुकलाय. दोन्ही 'हो' खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींना दिलेले आहेत.

तुमच्या एका प्रश्नात किमान चार गोष्टींची खिचडी झाली आहे. पहिली समाधान: पाणी, गटार, दिवे, जागा ठीक आहे का. दुसरी ओढ: या जागेशी आणि इथल्या माणसांशी जीव गुंतलाय का. तिसरी गरज: काम, उसनवारी, मुलं सांभाळायला कुणीतरी असणं, यासाठी ही जागा सोडून चालणार नाही असं आहे का. चौथी म्हणजे जायची इच्छा. श्रीमंत वस्तीत या चारही सहसा एकाच दिशेला जातात, म्हणून तिथं ढोबळ प्रश्नानं भागतं. गरीब वस्तीत त्या फाकतात. गटार तुंबलेलं, तरी शेजाऱ्यांवर जीव. किंवा जीव अजिबात नाही, पण रोजगार इथून चालत जाण्याच्या अंतरावर. संशोधनाच्या भाषेत दुसरीला स्थान-अस्मिता आणि तिसरीला स्थान-अवलंबित्व म्हणतात. या दोन्ही वेगळ्या मोजायच्या, हा संकेत निदान वीसेक वर्षं तरी रुळलेला आहे.

आता मराठीचा मुद्दा, कारण निम्मी चूक तिथंच होते. 'जिव्हाळा', 'आपुलकी', 'ऋणानुबंध' हे शब्द प्रश्नावलीत घालू नका. ते समारंभातले शब्द आहेत, ऐकलं की माणूस समारंभातलंच उत्तर देतो. 'आवडते का' हा प्रश्न तर पाहुणचाराचा आहे. दारात उभ्या परक्या माणसाला 'नाही' कोण म्हणेल? त्यापेक्षा 'करमणं' धरा. 'इथून चार दिवस बाहेर गेलात तर तिकडं करमतं का?' हे सगळ्यांना कळतं आणि उत्तराआधी माणूस खरंच विचार करतो. अशी पाच-सहा विधानं घ्या:

'बाहेरगावी गेलं की परत कधी येतो असं होतं.'
'वस्तीला कुणी नावं ठेवली की मला लागतं.'
'मी कुठं राहतो हे सांगताना वस्तीचं नाव घ्यायला मला संकोच वाटतो.'
'हे ठिकाण सोडावं लागलं तर मला जड जाईल.'
'इतकी वर्षं राहूनही मला इथं परकं वाटतं.'

(बाईला विचारताना 'राहते', 'कधी येते' अशी रूपं छापलेलीच हवीत. प्रगणकानं तोंडानं बदलायची ठरवलं की प्रत्येक जण आपापलं वाक्य तयार करतो.)

तिसरं आणि पाचवं मुद्दाम उलटं आहे. सगळ्यालाच 'हो हो' म्हणणारा माणूस त्यात सापडतो. पण उलटं विधान नकार घालून बनवू नका. 'मला इथं आपलं वाटत नाही' याला उत्तर देणारा 'नाही' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'वाटत नाही' की 'तसं नाही, वाटतं'? मराठीत दोन्ही होतात आणि प्रगणक अंदाजानं खूण करतो. म्हणून 'परकं वाटतं' असा होकारी शब्द शोधायचा. पाचव्यातलं 'इतकी वर्षं' नव्या भाडेकरूला लागू होत नाही, त्याच्यासाठी ते वगळून वाचायचं अशी सूचना शेजारीच छापा.

उत्तराला पाच पायऱ्या हव्यात, पण पाचही एका दमात वाचून दाखवू नका. शाळा कमी शिकलेल्या माणसाच्या लक्षात शेवटचीच राहते. आधी विचारा, 'पटतं की नाही पटत?' मग, 'पूर्ण की थोडंसं?' दोन टप्प्यांत पाच पायऱ्या होतात, मधली 'सांगता येत नाही' धरून.

एक बारीक गोष्ट. 'वस्ती कशी वाटते?' याचं सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर असतं 'बरी आहे'. ते कसं म्हटलं यावर अर्थ ठरतो. 'बरी आहे की!' म्हणजे चांगली. 'बरीये' असं खांदा उडवून म्हटलं तर जेमतेम. आणि 'बरी आहे... आता काय करणार' म्हणजे नाही आवडत. तिन्ही कागदावर 'बरी' म्हणूनच उतरतात आणि संगणकात 'आवडते' होऊन जातात. म्हणून उघडं उत्तर शब्दशः टिपायला सांगा, 'काय करणार' आणि 'सवय झाली' या शेपटांसकट. 'सवय झाली' याला स्वतंत्र संकेतांक द्या. ती ओढ नव्हे. तक्रारही नव्हे.

आकडेमोड

कानामात्रांनी शब्दांचं सांगितलं, मी हिशेबाचं सांगतो.

३०० पुरतील का, हे मुलाखती कशा विखुरल्या आहेत यावर आहे. समजा २० गल्ल्या निवडून प्रत्येकीत १५ मुलाखती घेतल्या. एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात: तोच नळ, तीच भांडणं, तोच बंद दिवा. या सारखेपणाचा गुणांक ०.०५ धरू. मग मुलाखतींची किंमत किती पटीनं घटते ते असं निघतं: १ + (१५ − १) × ०.०५ = १.७. म्हणजे ३०० मुलाखतींची खरी किंमत ३०० भागिले १.७, सुमारे १७६. ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला मागंपुढं ७.४ टक्के सूट द्यावी लागेल. त्याच ३०० मुलाखती ३० गल्ल्यांत प्रत्येकी १० अशा पसरल्या, तर भागक १.४५, किंमत २०७ आणि सूट ६.८. चालणं वाढतं, बाकी खर्च तोच. जास्त गल्ल्या, कमी घरं, हे धोरण ठेवा.

एकूण वस्तीचा अंदाज द्यायला हे पुरेल. 'भाडेकरू बायका विरुद्ध घरमालक बायका' अशी तुलना करायला निघालात तर प्रत्येक गटात पन्नास-साठ उरतील आणि दहा-बारा टक्क्यांचा फरक योगायोगानंही दिसेल. कोणत्या दोन तुलना करायच्या ते आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. नंतर आकड्यांत शोधत बसलं की काही ना काही सापडतंच.

त्याहून मोठा घोळ दारावर होतो. रोजंदारीवरचा माणूस सकाळी लवकर बाहेर पडतो, दिवे लागल्यावर येतो. प्रगणक अकरा ते पाच फिरले तर भेटतात म्हातारी माणसं, घरी असणाऱ्या बायका आणि जुनी बिऱ्हाडं. हीच मंडळी वस्तीशी जास्त बांधलेली असतात. म्हणजे ओढ फुगून येणार आणि ती फुगली आहे हे आकड्यांवरून कळणारही नाही. उपाय: प्रत्येक घराला किमान तीन खेपा, त्यातली एक संध्याकाळची आणि एक सुट्टीच्या दिवसाची. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही. हे प्रगणकाला चार वेळा बजावा, पाचव्यांदा तो तेच करतो. प्रत्येक खेपेची वेळ फॉर्मच्या मागं लिहायला लावा. निदान पहिल्या खेपेत सापडलेले आणि तिसऱ्या खेपेत सापडलेले यांची उत्तरं वेगळी आहेत का ते पाहता येईल. वेगळी असतील तर जे सापडलेच नाहीत ते कोणत्या बाजूला झुकले असतील याचा अदमास येतो.

घरातलं कोण निवडायचं? 'ज्याचा वाढदिवस जवळ आहे तो' ही पद्धत सोपी, पण जन्मतारीख माहीत नसलेली माणसं असतील तर ती कोलमडते आणि दार उघडणाराच उत्तर देतो. त्यापेक्षा प्रौढांची वयानुसार यादी करून आधीच छापलेल्या तक्त्यावरून एक निवडा. किश तक्ता म्हणतात त्याला, १९४९ पासून वापरात आहे. सहा प्रौढांच्या घरातून एक आणि एकट्या माणसाच्या घरातूनही एकच घेतला जातो, त्यामुळे विश्लेषणात प्रौढांच्या संख्येइतका भार द्यायला विसरू नका.

राहण्याची वर्षं विचाराल तेव्हा एक सापळा आहे. १९६७ च्या इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीवरून कसार्डा आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं की गावाच्या आकारापेक्षा आणि दाटीपेक्षा तिथं किती वर्षं काढली याच्याशी ओढीचं नातं घट्ट आहे. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत तेच आलं. पण तुमच्या वस्तीत वय आणि राहण्याची वर्षं एकमेकांना चिकटलेली असणार. बावीस वर्षांचा मुलगा तिथंच जन्मलेला असेल तर त्याची वर्षं बावीसच. वयोगटांत विभागून मगच वर्षांचा परिणाम बघा.

दुसरा सापळा बाहेरच्या प्रश्नांतून आयात होतो. इंग्लंडमधल्या सरकारी पाहणीत 'आपल्या शेजाराशी आपलं किती घट्ट नातं वाटतं' याला चार पायऱ्या असतात: खूप, बऱ्यापैकी, फारसं नाही, अजिबात नाही. मधली पायरीच नाही, त्यामुळे काठावरच्या माणसाला एका बाजूला उडी मारावी लागते. तुमच्या पाच पायऱ्यांचे टक्के त्या चार पायऱ्यांच्या टक्क्यांशेजारी मांडू नका.

वाकडीवाट

एक आगाऊ प्रश्न. ज्याला बाहेर पडायची सोयच नाही त्याची 'ओढ' मोजून उपयोग काय? माणूस मिळेल त्यात मन रमवतो. शिवाय ज्यांना नकोसं झालं आणि परवडलं ते केव्हाच गेले, तुम्ही उरलेल्यांनाच विचारताय. ही ओढ म्हणजे नाइलाजाला दिलेलं गोंडस नाव नाही कशावरून?

कानामात्रा

गाळून उरलेल्यांचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर एकच खरा उपाय: वर्षभरात वस्ती सोडून गेलेली वीस-पंचवीस बिऱ्हाडं शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन गाठायची आणि त्यांनाही तीच पाच विधानं, भूतकाळात, विचारायची. संख्याशास्त्राला ते पुरणार नाही, पण काय निसटतंय ते दिसेल.

नाइलाजाचं मात्र मोजून वेगळं काढता येतं. 'संधी मिळाली तर जाल का?' हा प्रश्न टाकून द्या. 'संधी' या शब्दात मोठं घर, बरी नोकरी, सगळंच येतं. त्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी विचारा. एवढंच घर, एवढ्याच खर्चात, दुसऱ्या वस्तीत मिळालं तर? याला 'हो' म्हणणाऱ्याला वस्ती नकोय. याच वस्तीत थोडं मोठं घर मिळालं तर? याला 'हो' आणि आधीच्याला 'नाही' म्हणणाऱ्याला घर नकोय, वस्ती हवी आहे. मग, शेजारची चार घरं बरोबर आली तर? इथं उत्तर उलटलं तर गुंता माणसांत आहे, जागेत नाही. तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात आणि तुमच्या त्या दोन 'हो'चं कोडं बहुतांशी इथंच सुटतं.

मग ओढ जास्त/कमी आणि जायचंय/राहायचंय अशी चार खान्यांची चौकट मांडा. ओढ आहे आणि राहायचंय, त्यात नवल नाही. ओढ नाही आणि जायचंय, तेही तसंच. 'ओढ नाही, तरी राहायचंय' हे गरजेनं अडकलेले. आणि 'ओढ आहे, तरी जायचंय' हा खाना गरीब वस्तीत रिकामा राहत नाही. तिथं कारण विचारायचंच: बहुधा मुलांचं शिक्षण, रात्रीची भीती किंवा घरात जागा नसणं. ओढ कमी असण्याशी त्याचा संबंध नाही. सगळी चौकट एकाच सरासरीत घातली की हे दोन खाने एकमेकांना खाऊन टाकतात.

पायवाट

'वस्ती कुठून कुठपर्यंत' हे राहूनच गेलं. त्यांनाच विचारा, पण तोंडी नको. काढायला लावा.

कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर नाही. सांगायचं एवढंच: 'तुम्ही कुठं राहता ते मला समजेल असं काढून दाखवा.' नकाशा हा शब्द उच्चारू नका. तो ऐकला की 'मला येत नाही' म्हणून कागद परत येतो किंवा शाळकरी मुलाच्या हातात जातो. दहा मिनिटं द्या आणि गप्प बसा. काय काढलं यापेक्षा कुठल्या क्रमानं काढलं ते महत्त्वाचं, म्हणून प्रगणकानं आपल्या वहीत १, २, ३ करत टिपत जायचं. घर आधी की पाण्याची जागा आधी? रस्ता रेघ म्हणून आला की माणसांच्या नावांची रांग म्हणून? 'इथं अमकी, इथं तमकी, मग आमचं दार' अशी रांग आली तर त्या माणसाची वस्ती ओळखींची आहे. आणि रेघ कुठं थांबते ते बघा. कोपऱ्यापर्यंत ठळक येते, तिथं पेन्सिल उचलली जाते आणि पलीकडं नुसतं 'तिकडं ते लोक' असं बोट जातं. नळ तिथून पंचवीस पावलांवर असला तरी तो 'तिकडचा' असतो.

त्याच कागदावर मग तीन खुणा मागायच्या: अडीअडचणीला जिथं जाल तिथं गोल, अंधार पडल्यावर जिथून जात नाही तिथं फुली, नुसतं बसायला जिथं बरं वाटतं तिथं चांदणी. ३०० घरांत हे शक्य नाही. पंचवीस-तीस घरं निवडा, बायका-पुरुष आणि नवे-जुने सारख्या प्रमाणात. कागद एकावर एक ठेवून काचेच्या खिडकीला लावलेत तरी फुल्यांचे पुंजके दिसतात. बायकांचे आणि पुरुषांचे कागद वेगळे धरा, नाहीतर पुंजके पुसट होतात.

या कागदांवरून प्रश्नावलीचा एक निर्णय लागतो. ओढीची विधानं दोनदा विचारा, एकदा 'तुमच्या गल्लीत' आणि एकदा 'या सगळ्या वस्तीत'. बदनाम वस्तीत ही फट मोठी निघते, कारण बदनामीपासून सुटायची सोपी वाट म्हणजे ती पलीकडच्या गल्लीवर ढकलणं: 'आमच्याकडं तसं काही नाही, ते सगळं त्या टोकाला.' त्या टोकाला गेलात तर तेही हेच म्हणतात, बोट फक्त उलट दिशेला. एकाच पातळीवर विचारलंत तर निम्मे गल्ली धरून उत्तर देतील, निम्मे वस्ती धरून, आणि सरासरी कशाचीच राहणार नाही. 'घरापासून पंधरा-वीस मिनिटं चालत' अशी व्याख्या काही पाहण्यांत करतात. मोकळ्या उपनगरात ती चालते. दाटीच्या वस्तीत एवढ्या चालण्यात हजारो माणसं मावतात, तिथं ती निरर्थक आहे.

उंबरठा

खूप उपयोग झाला. प्रश्न पुन्हा लिहायला घेतलेत. आता 'कशानं वाढते, कशानं आटते' याच्यासाठी नेमकं काय विचारू? सध्या यादी चाळीस प्रश्नांची झाली आहे, आणि मुलाखत अर्ध्या तासाच्या वर नेता येणार नाही. आणि हे निष्कर्ष ज्यांच्या हाती जाणार आहेत त्यांना वस्ती हलवण्यातही रस आहे, त्याचीही धास्ती आहे.

आकडेमोड

चाळीसचे पंधरा करा. तीन गोष्टी सुटता कामा नयेत: भरवसा, भीती आणि माणसांची ये-जा.

भरवशासाठी 'शेजाऱ्यांवर विश्वास आहे का' असं मोघम विचारू नका. प्रसंग द्या. शिकागोमध्ये ३४३ शेजारगटांत ८,७८२ रहिवाशांच्या पाहणीत (१९९७ साली प्रसिद्ध) असंच केलं होतं: मुलं शाळा बुडवून नाक्यावर उभी दिसली, भिंत रंगवून खराब करताना दिसली, मोठ्यांशी उर्मट वागली, घरासमोर मारामारी झाली, तर शेजारी मधे पडण्याची शक्यता किती? गरिबी आणि हिंसा यांच्यातला बराचसा संबंध या मधे पडण्याच्या तयारीतून जातो, असं त्यात दिसलं. दोन गल्ल्या सारख्याच गरीब असूनही एकीत लोक वस्तीला धरून असतात आणि दुसरीत नसतात. त्याचं उत्तर शोधायला याच प्रश्नांपासून सुरुवात करा. तुमच्या वस्तीत घडणारे चार प्रसंग निवडा, शिकागोचे जसेच्या तसे उचलू नका.

भीतीचा प्रश्न शेजारीण पदर सावरत दारात उभी असताना विचारायचा नाही. दाटीत एकांत मिळत नाही, म्हणून तेवढे दोन-तीन प्रश्न छापील कार्डावर द्या, उत्तर म्हणून फक्त क्रमांक सांगायचा. वाचता न येणाऱ्यासाठी चेहऱ्यांची चित्रं. प्रगणकानं 'मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं' ही चौकट भरलीच पाहिजे.

ये-जा. 'वर्षाला पाचातलं एक बिऱ्हाड बदलतं' अशी सरासरी फसवी आहे. बदल सगळ्या घरांत सारखा होत असेल तर पाच वर्षांनी मूळची ३३ टक्केच बिऱ्हाडं उरतील (०.८ चा पाचवा घात). पण प्रत्यक्षात त्याच त्या खोल्यांचे भाडेकरू पुन्हा पुन्हा बदलतात आणि शेजारची जुनी घरं हलत नाहीत. सरासरी तीच, वस्ती वेगळी. म्हणून प्रत्येकाला विचारा: तुमच्या दोन्ही बाजूच्या आणि समोरच्या घरात गेल्या वर्षभरात किती वेळा माणसं बदलली? तीन घरांचा आकडा माणूस अचूक सांगतो. ओढीवर परिणाम करते ती ही दारासमोरची उलथापालथ, सबंध वस्तीची टक्केवारी त्याला जाणवतही नाही.

आणखी एक: ओळखींची संख्या विचारून थांबू नका. गरीब वस्तीत घट्ट ओळखी पुष्कळ असतात, पण सगळ्या आपापसातच, सारख्याच तंगीतल्या. कामाची खबर बहुधा लांबच्या, सैल ओळखीतून येते. 'वस्तीबाहेरचं कुणी आहे का, ज्याला काम विचारता येईल?' एवढा एक प्रश्न टाका. त्याला 'नाही' आणि ओढीला 'खूप' असं एकत्र आलं तर ते आधीच्या चौकटीतल्या गरजेच्या खान्याशी ताडून बघा.

दप्तर

धास्तीचं उत्तर देतो, कारण अहवाल कपाटात गेल्यावर तो वेगळ्याच कामाला निघतो हे खरं आहे. ओढ कमी दिसली तर 'बघा, त्यांनाच नकोय, हलवा'. जास्त दिसली तर 'सुखी आहेत की, खर्च कशाला'. एकच आकडा दिलात तर दोन्हींपैकी एक होणारच.

यावर जुना आणि चांगला दाखला आहे. बॉस्टनमधला वेस्ट एंड हा कामगारांचा भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडला. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी हललेल्या कुटुंबांचा अभ्यास १९६३ मध्ये मांडला. २५० बायकांपैकी ४६ टक्क्यांना दीर्घकाळचं, शोकासारखं दुःख झालेलं आढळलं. पुढचा तपशील तुमच्या कामाचा आहे. हलण्याआधी 'इथं राहायला खूप आवडतं' म्हणालेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होतं. पण ज्यांचं मत संमिश्र किंवा नकारी होतं त्यांच्यातही ३४ टक्के. म्हणजे 'नाही आवडत' म्हणणाऱ्या तीन बायकांतली एक तरी घर गेल्यावर खचली. नापसंतीचा आकडा हलवण्याची संमती म्हणून वापरता येत नाही, हे यातून थेट निघतं. अहवालात चौकटीशेजारीच हा दाखला द्या, परिशिष्टात नको; परिशिष्ट कुणी उघडत नाही.

कोष्टकांची काळजी घ्या. गल्लीवार आकडे छापू नका. प्रत्येक गल्लीत दहा मुलाखती असतील तर 'तीन जणांना शेजाऱ्यांची भीती वाटते' हे वाचून ते तिघं कोण हे गल्लीला दुसऱ्या दिवशी कळतं. दहापेक्षा कमी माणसं असलेला खाना मोकळा ठेवा किंवा शेजारच्या खान्यात मिसळा. पायवाटांनी सांगितलेले हातानं काढलेले कागद मूळ रूपात तर अजिबात बाहेर देऊ नका, त्यावर नावं असतात आणि फुल्याही.

शिवाय अख्खी वस्ती गरीब म्हणून तिथला प्रत्येक माणूस गरीब धरू नका. गरिबीचे निर्देशांक पुष्कळदा भागाचे असतात. घरागणिक उत्पन्न, कर्ज, कामाचे दिवस विचारा, नाहीतर गरिबीमुळे ओढ कमी की गरीब भागात राहिल्यामुळे, हे शेवटपर्यंत कळणार नाही.

उंबरठा

ठीक. सहा आठवड्यांची वाटणी अशी धरतो: पहिला आठवडा घरांची यादी आणि शब्द तपासण्यासाठी आठ-दहा सावकाश मुलाखती, दुसऱ्यात वीस चाचणी मुलाखती आणि दुरुस्ती, तिसरा ते पाचवा मुख्य काम, सहाव्यात कागदावरची चित्रं आणि सोडून गेलेली बिऱ्हाडं.

आकडेमोड

चित्रं सहाव्यात नको, पहिल्याच आठवड्यात घ्या. गल्ली कुठं संपते हे त्यातून कळणार आहे, आणि त्याशिवाय ३० गल्ल्या निवडणार कशा? बाकी, चार प्रगणक, तीन आठवडे, आठवड्याला सहा दिवस म्हणजे ७२ दिवस. ३०० मुलाखतींना दिवसाला चारपेक्षा थोड्या जास्त पडतात. तीन खेपा धरल्या तर हे जेमतेम बसतं. दोन दिवस पावसापाण्याला राखून ठेवा आणि संध्याकाळच्या खेपेला दिवसाच्या कोट्यात मोजा, वरकड म्हणून नव्हे. नाहीतर पहिली काट तिलाच लागते.

कानामात्रा

चाचणीनंतर पाचही विधानं एकाच दिशेला जातात का ते बघून घ्या, उलटी दोन आधी पालटून. एकजिनसीपणाचा गुणांक (क्रॉनबॅक आल्फा, विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का ते सांगणारा) ०.७ च्या खाली आला तर 'संकोच वाटतो' हे विधान काढून पुन्हा करा. बदनाम वस्तीत ते हमखास वेगळं चालतं: जीव पूर्ण गुंतलेला असतो, तरी कामावर पत्ता सांगताना माणूस अलीकडच्या चौकाचं नाव सांगतो. काढलंत तरी फेकू नका, स्वतंत्र प्रश्न म्हणून ठेवा.